हिरव्या गाडीतली ओल

१

गहिनीनाथला गाडीचं दुखणं आधी नाकाला कळायचं, मग कानाला आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना. क्लचची पट्टी जळतेय की वायरचं रबर, हे तो बॉनेट उघडायच्या आत सांगायचा. "आधी गहिन्याला हुंगू द्या, मग पाना हातात द्या," असं सोलापूर रस्त्यावरचे ट्रकवाले म्हणायचे आणि हसायचे. हसले तरी गाड्या शेवटी त्याच्याच दारात आणायचे.

मिरजगावच्या टोकाला रस्त्यालगत त्याची पत्र्याची शेड होती आणि शेडला चिकटून दोन खोल्यांचं घर. तरुणपणी पाच वर्षं तो मुंबईत मोटारींना थंड हवेच्या पेट्या बसवायच्या कामावर होता. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आला. गावात त्या विद्येला कुत्रं विचारत नव्हतं. त्यात त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. सलग दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलेलं, अर्धा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, विहिरींचे तळ उघडे. टँकर आला तर आला, नाही तर घागरींची रांग तशीच उन्हात तापत राहायची.

अशा दिवसांत राधाकृष्णशेठ बिहाणी यांनी त्यांची हिरवी गाडी त्याच्या शेडसमोर आणून उभी केली. शेठ गावातले भुसार व्यापारी. गाडी परदेशी, मुंबईतल्या कुठल्याशा लिलावात घेतलेली, आणि इतकी लांब की ती वळावी म्हणून शेठांनी स्वतःच्या ओट्याची एक पायरी फोडली होती. तिच्यात थंड हवेची पेटी होती. त्या पेटीचा मान म्हणून शेठ गावातून काचा बंद करून फिरायचे.

"गहिनीनाथ, वास मारतो रे," शेठ म्हणाले. "पेटी लावली की कुबट, ओल्या गोधडीसारखा. आमची मंडळी बसतच नाही. उद्या सोलापूरला लग्नाला जायचंय, तर म्हणे एस.टी.ने चला. एवढी गाडी दारात आणि मी एस.टी.च्या खिडकीत!"

गहिनीनाथला हसू आलं. "शेठ, हा वास वलीचा असतो. पेटीत पानी साचतं, भाईर काढायची नळी तुंबती, मंग बुरशी धरती. दोन दिसाचं काम हाय."

"दहा दिवस ठेव, तोवर आम्ही सोलापूरलाच. वास तेवढा घालव, आणि तुझ्या मंडळींना नगरहून ह्याच गाडीतून आण."

हे ऐकून गहिनीनाथच्या हातातला पाना खाली राहिला. कारण त्याच एका गोष्टीने त्याची झोप उडाली होती. त्याची बायको केशर नगरच्या दवाखान्यात होती. चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, मूठभर, चिमणीएवढी. आधीची दोन लेकरं त्यांच्या हाती लागली नव्हती. पहिलं घराच्या मागच्या खोलीतच जन्मलं आणि आठव्या दिवशी गेलं. दुसरं केशरच्या माहेराहून ट्रकमधून आणताना उन्हाने कोमेजलं आणि त्याच खोलीत संध्याकाळी गेलं. आता डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पोरीला ऊन लागता कामा नये. चैत्रातलं नगर ते मिरजगाव, आणि ऊन लागता कामा नये! हे डॉक्टरांना सांगायला काय जातंय, असं म्हणत तो तळमळत होता.

दवाखान्यातून निघताना त्या काळजीत तो म्हणून गेला होता, "जातो मी." केशरने बाजेवरून त्याची बाही धरली होती.

"जातो काय? येतो म्हना."

"येतो."

"हां. या," म्हणून तिने बाही सोडली होती. हे तिने सासूकडून उचललेलं. झुंबरबाईच्या घरात कुणी 'जातो' म्हणायची सोय नव्हती. "येतो म्हनावं, समोरच्यानं या म्हनावं. तशानं मानूस माघारी येतंय," असं ती म्हणायची. सगळाच गाव असं बोलतो, पण झुंबरबाई ते दाराच्या कडीसारखं पाळायची.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडीतली सगळी सतरंजी उचकटून उन्हात टाकली आणि पेटी खोलली. खोलण्याआधी इंजिन चालू करून, काचा लावून, एकदा नीट वास घेतला. वैद्य नाडी धरतो तसा.

वास खराच ओलीचा होता. बुरशी, भिजकं कापड, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी, जे त्याला ओळखीचं वाटलं पण नाव सापडेना. असू दे, नळी काढली की कळेल, असं म्हणून त्याने डॅशबोर्डाखालचे स्क्रू काढले.

आत सगळं खडखडीत कोरडं होतं.

त्याने बोटं फिरवली. हवा गार करणारी कॉइल कोरडी. जाळी कोरडी. कॉइलखालच्या ताटलीत पाण्याचा डागसुद्धा नाही, बोटाला नुसती धूळ. तसंच असायला हवं होतं, खरं तर. पेटी हवेतली ओल गाळून पाणी करते, आणि मिरजगावच्या हवेत ओल होतीच कुठे? मुंबईत हीच पेटी दिवसाला बादलीभर पाणी टाकेल. इथे ती टाकणार काय, कपाळ! मग वास कशाचा?

"जुना असंल, मुंबईचा," तो मोठ्याने म्हणाला. आपलं आपल्याला पटावं म्हणून माणूस मोठ्याने बोलतो, तसं. वर्षभर इथली धूळ खात फिरलेल्या गाडीत मुंबईची ओल टिकून राहते का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

पाणी बाहेर सोडायची नळी मात्र तुंबलेली निघाली. तार घालून ओढल्यावर बोटभर बोळा बाहेर आला. कापसाचा, मऊ जुन्या कापडाचा. उलगडला तर आत ओव्याचे चारसहा दाणे आणि काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन मणी, एक काळा, एक पांढरा. बाळाच्या मनगटाला बांधतात तसले.

"उंदरांचे उद्योग," तो म्हणाला आणि बोळा शेडच्या मागे फेकून आला. हात मात्र त्याने दोनदा पुसले.

घरात अर्धी घागर पाणी होतं. आईची परवानगी काढून त्यातलं तांब्याभर घेतलं, रिठे भिजवले, सोडा टाकला आणि ब्रशने कॉइलची एकेक पट्टी घासली. झुंबरबाई ओट्यावर बसून बघत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, तिला माणूस म्हणजे फक्त हलणारा रंग दिसायचा.

"आरं, प्यायला पानी न्हाई आन् मोटारीला न्हाऊ घालतूस!"

"तुझ्या नातीसाठीच घालतोय, आये."

"मंग घाल बाबा. चोळून घाल," म्हातारी लगेच म्हणाली.

३

सगळं सुकल्यावर शेवटचं काम राहतं ते वाऱ्याचं. गार करणारा भाग बंद ठेवायचा, नुसता पंखा पुऱ्या जोरात लावायचा, काचा उघड्या टाकायच्या आणि आतला उरलासुरला वास फुंकून काढायचा. मुंबईत त्याचा उस्ताद सांगायचा, पेटी बंद करायच्या आधी रोज दहा मिनिटं असा कोरडा वारा द्या, वास जन्मात धरणार नाही.

टळटळीत दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई ओट्यावर आडवी झाली होती. गहिनीनाथ पुढच्या सीटवर बसला आणि त्याने पंखा लावला.

आधी धूळ आली. मग रिठ्याचा वास. मग तो जुना वास आला, आणि कमी होत जायच्या ऐवजी वाढत गेला. बुरशी मागे पडली आणि तिच्या मागे जे दडलं होतं ते पुढे आलं. ओव्याची धुरी. शेपा. ओली दुपटी. आंबलेलं दूध.

आता त्याला नाव सापडलं. बाळंतिणीच्या खोलीचा वास होता तो. नुसता कुठल्याही खोलीचा नव्हे, लेकरू गेल्यावर दोन दिवस दार लावून ठेवलेल्या खोलीचा. असा वास त्याने दोनदा घेतला होता. त्या दोन्ही वेळी खोली त्याच्या घराची होती.

पंखा बंद करावा असं वाटलं. पण वास निघतोय तर पुरा निघू दे, मध्येच थांबवला तर परत बसेल, असं त्याचं कारागिराचं डोकं म्हणालं. परवा ह्याच सीटवर केशर पोरीला घेऊन बसणार होती. त्याने दात आवळले आणि बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा वास जरासा विरळ झाला. मग आणखी विरळ.

त्याने बटण फिरवलं. पंख्याची पाती हळूहळू थांबत आली, उसासे टाकत, आणि शेवटी गप्प झाली. त्या शांततेत अगदी कानाजवळ बाईमाणसाचा आवाज आला. हलका, अदबीचा, बराच वेळ बसलेली पाहुणी उठताना बोलते तसा.

"येते."

"ये," गहिनीनाथ म्हणाला.

सवयीने म्हणाला. शिंक आली की आपण तोंडापुढे हात नेतो, त्यात विचार करायला काय असतं? म्हणून झाल्यावर त्याने मान वळवली. खिडकीपाशी कुणी नव्हतं. मागची सीट रिकामी होती. रस्ता दोन्ही बाजूंना फर्लांगभर मोकळा दिसत होता.

तो उतरला, गाडीभोवती फिरला, वाकून खालीही बघितलं. पाणी मागायला कुणी बाई आली असेल, आईशी दोन शब्द बोलून निघाली असेल. आईला हलवलं तर ती म्हणाली, "मला न्हाई बाबा कोनाची चाहूल."

संध्याकाळी शेजारची गोजरबाई पाटी-कुदळ घेऊन खडीवरून परतली, तेव्हा त्याने विचारलं, "वैनी, दुपारी तुमी आल्ता का आमच्याकडं?"

"मी? दिसभर खडीवर हुते की. का वो?"

"काय न्हाई. भास झाला."

"उनाचा झाला आसंल. टोपी घालत जा," म्हणून ती गेली.

रात्री झोपण्याआधी त्याने गाडीचं दार उघडून नाक आत घातलं. काही नाही. सीटचं कोरडं कातडं, थोडा रिठा. वास समूळ गेला होता. त्याला इतका आनंद झाला की दुपारचं सगळं तो विसरला. विसरायलाच बघत होता, निमित्त मिळालं.

४

नगरहून येतानाचे दोन तास गहिनीनाथच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे सांगून टाकायला हवं. बाहेर रस्त्याकडेला फडकी बांधलेले खडीवाले उन्हात करपत होते आणि आत केशर पदर सावरून बसली होती, कारण तिला चक्क थंडी वाजत होती.

"अवो, जरा कमी करा. पोरगी गारठंल."

"राणीसारखं यावं माझ्या लेकीनं."

"वास यायचा म्हनत हुता ना?"

"घालवला."

"खरंच न्हाई की कसलाच." केशरने खोल श्वास घेऊन बघितला. पोरगी झोपेत ओठ चोखत होती. केशरने दवाखान्यातच तिला मनगट्या ओवल्या होत्या. काळे मणी कमी पडले म्हणून मध्ये एक हिरवा घातला होता, त्याची गंमत ती सांगत राहिली. रुईछत्तीशी गाव मागे पडलं. गहिनीनाथला वाटलं, हा रस्ता सरूच नये.

दारात झुंबरबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. तिने मायलेकींवरून तुकडा ओवाळून लांब फेकला. पायांवर तांब्याभर ओतायचं, तिथे चार बोटं बुडवून शिंतोडे उडवले, आणि टँकरला दोन शिव्या घातल्या. केशर डावं-उजवं बघून उजव्या पायाने आत गेली. गहिनीनाथने हिरवी गाडी शेडमध्ये लावली, किल्ली खिशात टाकली. शेठ यायला अजून सहा दिवस होते.

५

मागच्या खोलीत बाज टाकली, धुरी झाली, शेपा-ओवा झाला. घर बाळंतिणीच्या वासाने भरून गेलं. घरात बाळंतीण आहे म्हटल्यावर तो वास असणारच. शेजारणी आत येताना "कसं घर भरल्यासारखं वाटतंय," म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ खोलीच्या उंबऱ्यात थबकला. धुरीखाली आणखी काहीतरी होतं. ओल. आंबूस.

"केशर, गोधडी वली हाय का?"

"वली कराया पानी कुठंय? चार दिस झाले टँकर न्हाई. पोरीची दुपटीसुदिक नुसती उनात झटकते मी."

त्याने गोधडी हुंगली, बाजेच्या दोऱ्या हुंगल्या, गुडघ्यावर बसून जमीन हुंगली. सगळं कोरडं, उन्हाने पापडासारखं झालेलं. पोरीच्या टाळूला नाक लावलं. तेल, दूध, आणि ते जे नव्या लेकराला येतं ते, ज्याला नाव नाही. तिथे काही वावगं नव्हतं. मग तो केशरच्या पदराजवळ वाकला, तशी ती चिडली.

"मोटार हाय का मी? जावा तिकडं शेडात!"

तो शरमला आणि गेला. स्वतःला त्याने चांगलं फैलावर घेतलं. दोन लेकरं गेली त्या खोलीत तुला तो वास येणारच गड्या, तो नाकात नाही, मनात आहे. डोक्याला हे पटलं. नाक मात्र ऐकेना. भिंतीच्या कोपऱ्यात वास जास्त यायचा. दुसऱ्या दिवशी तो बाजेच्या पायथ्याशी जास्त होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उशापाशी. वास असा जागा बदलतो का? तुंबलेल्या नळीचा वास नळीपाशीच राहतो, हे कुणी त्याला शिकवायला नको होतं.

त्याने ठरवलं, बारसं झालं की केशरला आणि पोरीला तिच्या भावाकडे जामखेडला पोचवायचं. शेठांची गाडी मिळाली तर त्याच दिवशी. बारसं एका दिवसावर आलं होतं. गोजरबाईने पाळणा आणून ठेवला होता. नाव काय ठेवायचं ते केशर सांगत नव्हती, म्हणायची, "पाळन्यात घातल्याबिगर नाव तोंडातनं काढू नये."

६

बारशाच्या आदल्या दुपारी तो शेडमध्ये एका जीपखाली आडवा पडून तेलाची टाकी आवळत होता. हिरवी गाडी पलीकडे उभी होती, काचा लावलेली. जीपखालून त्याला बाहेरचं जग वीतभर उंचीचं दिसत होतं. तापलेली फुफाट्याची जमीन, गाडीची चाकं, घराच्या मागच्या दाराचा उंबरा.

उंबऱ्यावर दोन पावलं आली. वर हिरव्या लुगड्याचे काठ. बाळंतिणीला माहेरहून आलेलं केशरचं लुगडं हिरवंच होतं. पावलं सावकाश उतरली आणि शेडकडे आली. खांद्यावर ओझं असलं की बाई टाच जरा दाबून टाकते, तशी चाल. लेकराला घेऊन निघाली असेल, गोजरबाईकडे पाळण्याची दोरी बघायला, असं त्याच्या मनात आलं. पावलं ओली होती. आंघोळ उरकून आली वाटतं, असंही आलं. पाना घसरत होता, अर्धं चित्त तिकडे होतं.

पावलं जीपजवळ थांबली.

"येते."

"ये," तो म्हणाला.

पावलं पुढे गेली. त्याने टाकीचा शेवटचा आटा आवळला, हात खाली टाकला, आणि मग त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट उजाडायला लागली.

आंघोळ? पाणी नव्हतं घरात. सहा दिवस टँकर नव्हता. बाळंतिणीला पुसून घ्यायला सकाळी आईने वाटीभर पाणी काढून दिलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात, ह्याच शेडसमोर, ह्याच वेळेला, हाच आवाज.

त्याच वेळी घरातून, मागच्या खोलीतून, केशरची झोपेतून उठलेली हाक आली.

"अवो! लेकरू तुमी घेतलं का?"

तो जीपखालून कसा बाहेर आला ते त्याला कळलं नाही. कपाळ फुटलं होतं, तेही नंतर कळलं. उंबऱ्यापासून शेडपर्यंत फुफाट्यात ओली पावलं उमटली होती, एकामागे एक, नीट, घाई नसल्यासारखी. ती जीपला वळसा घालून हिरव्या गाडीच्या मागच्या दारापाशी गेली होती आणि तिथेच संपली होती. दाराला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. तो बघत उभा राहिला आणि ऊन एकेक पाऊल पुसत त्याच्याकडे आलं.

७

गावाने शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. पोलीसपाटील आले, खडीवरची माणसं आली, ओढा, पांद, पडकी घरं पालथी घातली. विहिरी तर नुसत्या वाकून बघितल्या, तळ दिसतच होते. झुंबरबाई ओट्यावर बसून एकच सांगत होती. "केशर लेकरू घिऊन भाईर पडली. हिरवं लुगडं. मला वाटलं, सून हाय." आणि केशर आतल्या बाजेवर बसली होती, तिच्याच हिरव्या लुगड्यात, हात मांडीवर उघडे टाकून. ती बाजेवरून उतरलीच नव्हती. लोक हाका मारत फिरत होते, पण कुणाला म्हणून हाक मारायची? नावच ठेवलं नव्हतं.

गहिनीनाथ शोधायला गेला नाही. तो गाडीखाली वाकला. पाणी सोडायच्या नळीच्या तोंडाखाली जमिनीवर ओलसर ठिपका होता, तळहाताएवढा. ठिपक्यात एक मणी होता. हिरवा.

त्याने कुलूप काढलं आणि मागचं दार उघडलं. सीट रिकामी, कोरडी. पण वास आला. ह्या वेळी ओलीचा नाही, आंबूस नाही. तेल, दूध, आणि ते तिसरं, ज्याला नाव नाही. पोरीच्या टाळूचा वास. तो आत शिरला, दार ओढून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडला.

किती वेळाने कुणास ठाऊक, पलीकडचं दार उघडून केशर आत बसली. तिने एकदा श्वास आत ओढला आणि तोंडावर पदर दाबला. मग तिनेही दार घट्ट लावून घेतलं. त्याने तिला सगळं सांगितलं. पंख्याच्या दिवशीचंही सांगितलं.

"काय म्हनली ती?" केशरने विचारलं. "जाते म्हनली, का येते म्हनली?"

"येते."

"आन् तुमी?"

"ये म्हनलो. दोन्ही येळंला."

केशरने पेटीच्या जाळीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. तो आला असता तर गहिनीनाथला सोसला असता.

"मंग येईल," ती म्हणाली. "ये म्हनलं की माघारी येतंय मानूस."

त्यानंतर ती दोघं तिथून हलली नाहीत. गोजरबाईने भाकरी आणून टपावर ठेवली, ती तशीच वाळली. चौथ्या दिवशी राधाकृष्णशेठ सोलापूरहून आले. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं, म्हणून ते अनवाणी, टोपी हातात घेऊन शेडपर्यंत आले. आत दोघांचे चेहरे घामाने निथळत होते. त्या उन्हात, त्या बंद काचांआड माणूस जिवंत कसं राहतं, हेच शेठांना कळेना. त्यांनी खिडकीवर टकटक केली.

"गहिनीनाथ, काच तरी खाली घे रे. गुदमरशील. बाहेर ये, बाबा."

गहिनीनाथने मान हलवली. शेठांनी बाहेरून दाराच्या मुठीला हात घातला, तसा तो झडप घालून आतून दार धरून बसला.

"उघडू नका, शेठ," तो म्हणाला. "वास जाईल."